कडेला काय उरलं

८ मार्च

धाकटे,

चार दिवस राहून गेलीस आणि घरात काडी लावून गेलीस. तुला बसमध्ये बसवून मी परत येते तर हे दारातच उभे. म्हणतात, "धाकटी म्हणते ते खरं आहे. सगळंच काढून टाकायला हवं होतं." मी म्हटलं, काय सगळं? तर म्हणाले, "तेच." एवढी वर्षं संसार केला, पण या माणसाच्या तोंडून तो शब्द काही बाहेर पडत नाही. स्तन म्हणतात त्याला. डॉक्टरीणबाई म्हणते, दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. यांचं आपलं "तेच".

तर तेच माझं आहे, माझ्या अंगावर आहे, आणि ते ठेवायचं मी ठरवलंय. डॉक्टरीणबाईनं गाठ काढली. गाठीभोवतीचं थोडं चांगलं मांसही काढलं, काखेतल्या बारक्या गाठी तपासायला काढल्या. तपासून आलं की काखेत काही पोचलेलं नाही आणि काढलेल्या तुकड्याच्या कडेलाही काही नाही. कडा स्वच्छ. आता रोज जाऊन मशीनखाली किरणांचा शेक घ्यायचा, मग पाच वर्षं गोळ्या. हे तिनं मला समोर बसवून सांगितलं तेव्हा तू शेजारीच होतीस. कडा स्वच्छ म्हटल्यावर तुझं तोंड असं उतरलं की बघणाऱ्याला वाटावं वाईट बातमी आली. आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय? "स्वच्छ असल्या म्हणून काय भरवसा, ताई? मावशीचं नाही का परत आलं?"

मावशी, मावशी, मावशी. माझ्या घरात जो उठतो तो मावशीचं नाव घेतो. अगं, आईच्या पाठची ती, मलाही तिची माया होती. तिनं गाठ तेवढी काढली, बाकी ठेवलं, आणि तिथंच परत आलं, त्यातच ती गेली. मला ठाऊक आहे. मी तिच्या उशाशी बसले होते, तू तेव्हा शाळेत होतीस. पण तिचं झालं म्हणून माझं होणार, हे कुणी ठरवलं? तू? की ह्यांनी?

आणि दुसरं. बहिणीचं ऑपरेशन म्हणून आलीस ना? मग एक बादली उचलली नाहीस. चार दिवस खुर्चीत बसून, काखेशी उशी धरून, पाहुणीसारखी. टाके मला पडले होते आणि चहा मीच तुला करून देत होते. शेजारीण म्हणाली, तुमच्या बहिणीला बरं नाही का? मी म्हटलं, तिला कामाची ॲलर्जी आहे.

फोन मी करणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो, तू "हो ताई, हो ताई" म्हणतेस आणि रेंज गेली म्हणून ठेवून देतेस. कागदाची रेंज जात नाही. माझं अक्षर चौथीतच राहिलं, तेव्हा दोनदा वाच, पण वाच. आणि ह्यांना कळव की तू बोललीस ते चुकलं. मला घरातल्या घरात रोज तीच लढाई लढायची नाही.

तुझी
ताई


१६ मार्च

ताई,

पत्र मिळालं. दोन ठिकाणी पेनानं कागद फाडलाय, त्यावरून तुझी तब्येत सुधारली असं समजते.

भावोजींना मी काही कळवणार नाही. मी बोलले ते मनापासून बोलले. तू रागावशील, तरी परत म्हणते. ज्या गोष्टीनं एकदा दगा दिला ती घरात कशाला ठेवायची? निम्मं काढायचं, निम्मं ठेवायचं, आणि मग रोज आरशासमोर उभं राहून चाचपत बसायचं. त्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे. विषय संपला. मला तर रात्री झोप येत नाही या विचारानं. म्हणजे तुझ्या काळजीनं.

बादलीचं मनावर घेऊ नकोस. माझी पाठ धरली होती.

इकडे पाळणाघरात मुलं वाढलीत. नवीन एक गोटू आलाय, सहा महिन्यांचा, नावाप्रमाणेच गोल. डाव्या खांद्यावर टाकल्याशिवाय झोपत नाही. मी त्याला उजव्या खांद्याची सवय लावतेय, पण तो तुझ्यासारखा आहे, एकदा ठरवलं की ठरवलं. मालकीणबाई म्हणतात, तुमच्याकडेच देतो त्याला, बाकी कुणाकडे गेला की छप्पर डोक्यावर घेतो.

बरं, तुझा तो शेक कसा असतो? रोज म्हणजे रोज जावं लागतं का? दुखतं का? आणि मशीनखाली राहिल्यावर अंगात काही शिल्लक राहतं का? इथं एका बाळाची आई सांगत होती की त्यांच्या ओळखीच्या एका बाईला शेक चालू असताना नातवाला जवळ घेऊ दिलं नाही, मुलाला त्याची झळ लागते म्हणून. तुझ्याकडे लहान मूल नाही म्हणा. पण विचारून ठेव.

आणि डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं असेल ना, घरात आणखी कुणाला आहे का? तू काय सांगितलंस?

तुझी
धाकटी


६ एप्रिल

धाकटे,

तू प्रश्न विचारतेस की पोलिसात तक्रार लिहून घेतेस? माझ्याकडे लहान मूल नाही हे तूच लिहितेस आणि तूच विचारायला सांगतेस. तरी विचारलं, कारण मी बहीण आहे. सगळं सांगते, पण क्रमानं, नाहीतर माझं मलाच कळायचं नाही.

शेक चालू झालाय. दुखत नाही. एका टेबलावर झोपायचं, हात डोक्यावर, आणि सगळे खोलीबाहेर पळतात. मशीन घूं करतं आणि थांबतं. झालं. ज्याला एवढी भीती घालून ठेवली होती ते इतकंच. अंगाला थकवा येतो, कातडी लाल होते, बस.

पण पहिल्याच आठवड्यात मी घोटाळा केला, तो ऐक. आधी छातीवर शाईनं खुणा करतात, फुल्या आणि रेघा, म्हणजे मशीन रोज नेमक्या जागी लागावं. मला बजावून सांगितलं होतं, पुसायच्या नाहीत, तिथं साबणसुद्धा नको. मी मान हलवली. घरी आले, आंघोळीला बसले, आणि खाली पाहिलं तर छातीभर निळी शाई. आता मी लॉन्ड्रीत डागांच्या टेबलावर आयुष्य काढलेली बाई. तिथं मला कुणी नावानं हाक मारत नाही, डागवाली म्हणतात. हॉटेलची चादर माझ्या टेबलावर आली की वाईन असो, रक्त असो, पेनाची शाई असो, ती तशीच पुढं गेली तर माझं नाक कापलं. हात आपोआप गेला गं. साबण, लिंबू, परत साबण. शेवटची फुली निघाली तेव्हा मला बरं वाटलं आणि मग घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी मशीनवरची पोरगी बघतच राहिली. "मावशी, खुणा कुठं गेल्या?"

"निघाल्या."

"आपोआप?"

"आपोआप कशा निघतील? त्याला हात लागतो."

सगळं मोजमाप पुन्हा करावं लागलं. घासून कातडी सोलवटली होती, त्यावरून डॉक्टरीणबाईनं मला असं झाडलं की मुकादमसुद्धा मला तसं बोलला नसता. पण त्या दिवशी ती जरा मोकळी होती, म्हणून मी तिथंच ठाण मांडलं. म्हटलं, बोललात ना, आता माझं ऐका. माझ्या घरात सगळे म्हणतात सगळंच काढायला हवं होतं. मला नीट सांगा, गाठ काढून बाकी ठेवलेल्या बाईचं परत कधी येतं?

ती म्हणाली, पहिली गोष्ट, कडेला पेशी राहिल्या तर. मग पुन्हा थोडं कापून कडा साफ करून घ्यावी लागते, ती तशीच सोडायची नाही. शेक चुकवला किंवा मध्येच सोडला, तर परत येण्याचा धोका कितीतरी वाढतो. गोळ्या लागू असून सोडल्या, तरी वाढतो. बाईचं वय कमी असेल, चाळिशीच्या आतलं, तरी वाढतो. पेशी तापट जातीच्या असल्या, काखेपर्यंत पोचल्या असल्या, तरी. आणि रक्तातच तो दोष असेल, म्हणजे घरात आई, बहीण, मावशी असं चालत आलेलं असेल, तर हिशेबच वेगळा मांडावा लागतो.

मी म्हटलं, आणि बाई भांडकुदळ असेल तर?

म्हणे, त्याचा काही संबंध नाही.

जड काम केलं तर? सासरच्यांना शिव्या घातल्या तर? ह्यांच्या बहिणीचं तेच म्हणणं आहे, हिच्या तापट डोक्यानं हे ओढवलं.

ती हसली. म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग एवढं कागदावर लिहून द्या, फ्रिजवर लावते. दिलं नाही.

आणि शेवटी विचारलं, सगळंच काढलं असतं तर भीती संपली असती का? म्हणाली, कमी झाली असती, संपली नसती. टाक्यांच्या जागी, कातडीखाली तेव्हाही येऊ शकतं. आणि किती जगणार म्हणाल, तर माझ्यासारखीला शेक पूर्ण घेतला की दोन्हीकडे सारखंच. ऐकलंस? सारखंच. आता तरी तोंड मिटशील.

तुझ्या त्या बाळाच्या आईला सांग, बाहेरून मशीननं शेक देतात तेव्हा अंगात काही राहत नाही. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड राहतो का? नाही राहत, तसंच. डॉक्टरीणबाईचे शब्द आहेत हे. पोरं घ्या, खांद्यावर टाका, पापे घ्या, काही होत नाही. फक्त कातडी हुळहुळी असते, तर पोरानं लाथ मारू नये एवढंच. ओळखीच्या ओळखीची बाई काय म्हणाली, हे ऐकायचं वय राहिलंय का तुझं?

घरात कुणाला आहे का, हे तिनं विचारलं होतं. मी सांगितलं, एक मावशी, तीही उतारवयात. आईला नव्हतं. बहीण एकच, ती ठणठणीत आहे, नुसती आळशी. तिनं लिहून घेतलं.

आणि मावशीचं. रविवारी मी मावसाकडे गेले. म्हातारा आता ठार बहिरा झालाय. मी ओरडून विचारायचं, त्यानं ओरडून सांगायचं, खिडक्या उघड्या. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी म्हटलं, मावशीला शेक कुठं दिला होता? तर म्हणाला, दिलाच नाही. का नाही? म्हणे, जखम भरली होती, बरी दिसत होती, मशीन दुसऱ्या शहरात, रोज कोण नेणार. आणि गोळ्या? अंगातून वाफा निघतात म्हणून तिनंच बंद केल्या. मग म्हणाला, "तुम्ही सगळे म्हणायचात, अर्धवट कापलं म्हणून परत आलं. मला ते ऐकायला बरं वाटायचं. कापणं काही माझ्या हातात नव्हतं."

मी उठून त्याला पाणी दिलं.

तर समजलं का? मावशीनं निम्मं ठेवलं म्हणून ती गेली नाही. पुढचं केलं नाही म्हणून धोका तिच्या दारात बसून राहिला. मी पुढचं करतेय. आता मावशीचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

तुझी
ताई


२२ एप्रिल

धाकटे,

पंधरवडा उलटून गेला, तुझा कागद नाही. मी एवढं मोठं पत्र लिहिलं, माझं बोट दुखलं, आणि तुझ्याकडून हूं की चूं नाही. शेक संपला माझा. शेवटच्या दिवशी मशीनवरच्या पोरीनं हात मिळवला आणि म्हणाली, आता खुणा खुशाल घासा. लॉन्ड्रीत परत गेलेय, मुकादमानं बसून करायचं काम दिलंय, मी उभीच राहते.

काल तुला फोन केला, उचलला नाहीस. मग पाळणाघराचा नंबर शोधून तिथं केला. तू बाहेर गेली होतीस. मालकीणबाई सज्जन वाटल्या. म्हणाल्या, "ताई तुम्ही? बरं झालं फोन केलात. जानेवारीत पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्या जरा गप्पच असतात."

पोटाचं कसलं ऑपरेशन?

मला माझ्या बहिणीचं पोट परक्या बाईकडून कळतं? तू फेब्रुवारीच्या अखेरीला माझ्याकडे चार दिवस होतीस. पोटाला कुठं धरून बसली नव्हतीस. काखेशी धरून बसली होतीस.

मला आता जे वाटतंय ते मी लिहिणार नाही. ते तू लिही.

ताई


२७ एप्रिल

ताई,

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मला बोलता येणार नाही. लिहिते.

डाव्या बाजूला होती. नोव्हेंबरमध्ये हाताला लागली. गोटू नव्हता तेव्हा, दुसरं एक बाळ होतं, त्यानं डोकं घासलं आणि कळ आली. जानेवारीत काढली. तुझ्यासारखीच, गाठ आणि भोवतीचं थोडं. तेव्हा तुझ्या तपासण्या चालू झाल्या होत्या. तू फोनवर म्हणालीस, "मला काही झालेलं नाही, गाठच आहे, काढून टाकू." तुझ्या डोक्यावर माझंही कसं टाकणार होते? आई गेल्यावर तूच माझी वेणी घातलीस, तूच शाळेत सोडलंस. म्हटलं, एवढं तरी आपलं आपण करू.

कडा स्वच्छ आल्या नाहीत. एका कडेला पेशी आहेत म्हणाले. पुन्हा थोडं कापावं लागेल, मग पुढचं औषध ठरवू, मग शेक. तारीखही दिली होती फेब्रुवारीतली. मी गेले नाही.

माझ्या घरी ह्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले सगळं झालं. त्यांनी विश्वास ठेवला. मी खोटं बोलते असं त्यांना कधी वाटलंच नाही, कारण मी बोलत नाही.

का गेले नाही ते सांगते. पुन्हा त्या टेबलावर झोपायची भीती वाटली, हे एक. जखम भरली होती, आरशात बरं दिसत होतं. आणि शेक घेतला तर पाळणाघर सुटणार असं मी धरून चालले होते. त्या बाळाच्या आईचं बोलणं मी खरं मानलं. गोटूला मी जवळ घ्यायचं नाही, आणि तो रडत राहणार, आणि मालकीणबाई चार दिवस वाट बघून दुसरी बाई ठेवणार. तू दिव्याचं लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. इतकं सोपं होतं आणि मी कुणाला विचारलं नाही. माझ्या डॉक्टरांनाही नाही. विचारायला गेले असते तर त्यांनी ऑपरेशनचं काढलं असतं.

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी "कडा स्वच्छ" म्हटलं तेव्हा माझं तोंड उतरलं, ते तू बरोबर पाहिलंस. तुझं चांगलं झालं याचं वाईट वाटलं नाही गं. पण वाटलं, हिच्या स्वच्छ, माझ्या का नाहीत.

आणि सगळं काढून टाक, सगळं काढून टाक, असं जे मी तुझ्या मागे लागले, ते मला स्वतःलाच विचारायचं होतं. तू काय म्हणतेस ते बघत होते. तू "मी ठेवणार" म्हणालीस की मला वाटायचं, मग मीही ठेवीन. आणि मग कडेचं आठवायचं.

आता मावसांचं वाचलं. म्हणजे मावशीसारखंच करत होते मी. पण तीन महिने होऊन गेले, ताई. आता गेले तर डॉक्टर म्हणतील, बाई, इतके दिवस कुठं होता? आता जाऊन काय उपयोग?

रागावू नकोस असं लिहीत नाही. तू रागावशीलच.

धाकटी


३० एप्रिल

धाकटे,

रागावले. शेजारीण विचारायला आली, भांडी का आदळताय. दार लावून घेतलं आणि ह्यांना म्हटलं, आज माझ्याशी बोलू नका. हे बोलले नाहीत, भाजी चिरत बसले. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं तेव्हा चाकू खाली ठेवला आणि म्हणाले, "पोर एकटीच होती." एवढंच. मग उठून बाहेर गेले.

माझ्यावर माया होती म्हणून लपवलंस, हे मला परत लिहू नकोस. तुला माया दाखवायची होती तर बादलीच्या वेळी तोंड उघडायचं होतं. तुझी काख दुखत असताना मी तुला आळशी म्हणाले, शेजारणीसमोर म्हणाले, हे तू माझ्या माथ्यावर ठेवलंस. ते ओझं तू दिलंस, मी नाही घेतलं. तुझ्या नवऱ्याला आजच सांग. मी सांगितलं तर त्याला जास्त लागेल.

आणि तू तुझ्या एकटीचं झाकलंस असं वाटतंय ना तुला? नाही. माझंही झाकलंस. डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, घरात कुणाला? मी सांगितलं, बहीण ठणठणीत. तिनं ते खरं धरलं आणि त्यावर माझा हिशेब मांडला. एक म्हातारी मावशी, त्याला कोण विचारतो? पण मावशी, मी, आणि तू, तीही अडतीस वर्षांची, हे तीन झाल्यावर गोष्ट वेगळी होते. काल लॉन्ड्रीतून दुपारीच निघाले आणि तिच्या दारात जाऊन बसले. नंबर नव्हता माझा. म्हटलं, मी मागं चुकीचं सांगितलं, ते खोडा. तिनं पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकलं.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी माझं रक्त घेणार आहेत. तपासून कळतं म्हणे, दोष घराण्यातून आलाय का. नुसतं तीन बायकांना झालं म्हणून तो असेलच असं नाही, पण बघायला पाहिजे. असलाच, तर मलाही पुन्हा ठरवावं लागेल. जे ठेवलं म्हणून इतके दिवस सगळ्या घराशी भांडले, ते कदाचित दोन्हीकडचं काढायचं म्हणतील. म्हणू देत. मग मी बसेन, सगळं विचारेन, दहा वेळा विचारेन, आणि काढायचं ठरलं तर काढेन. एक दिवस रडेन, आणि मुकादमाला सांगेन, टेबल दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. पण तुझ्या भीतीनं नाही काढणार, ह्यांच्या "तेच"मुळं नाही, आणि नणंदेच्या तोंडाळपणामुळं तर मुळीच नाही. कळलेलं असेल त्यावर ठरवेन. ठेवलं ते मी ठेवलं होतं, काढलं तर मीच काढेन.

तुझंही तेच. तू मला विचारत होतीस ना, ठेवू का काढू? मी सांगणार नाही. तुझ्या अंगाचं मी काय सांगू? तुझी कड साफ करून, शेक घेऊन ठेवता येईल का, की तुझं वय आणि घराणं बघता सगळं काढलेलं बरं, हे तुझ्या डॉक्टरांनी तुला नीट सांगायचं आणि तू ठरवायचं. सगळं काढायचं म्हणालीस तर मी त्या चार दिवसांतला एक शब्दही तुझ्या तोंडावर फेकणार नाही. ठेवायचं म्हणालीस तर ह्यांच्याशी भांडायला मी आहे, माझा सराव चांगला झालाय. पण आत्ता तू दोन्हीतलं एकही केलेलं नाहीस. नुसती भरलेली जखम बघत बसलीस. वरून भरलेलं दिसतं, आत काय आहे ते आरसा सांगत नाही.

उशीर झाला का, हे मी तुझ्यासाठी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, उशीर झालाय, फेब्रुवारीत जायला हवं होतं, पण उशीर झाला म्हणून आणखी उशीर करायचा, हे तर्काच्या बाहेर आहे. या आठवड्यात जायला सांगा. मी म्हटलं, तिला वाटतं डॉक्टर ओरडतील. म्हणाली, ओरडू देत, ओरडून झालं की तपासतील. बाई मला आवडायला लागलीय.

इतके दिवस कुठं होता, असं तुझ्या डॉक्टरांनी विचारलं तर सांग, घाबरले होते. त्यात लाज कसली? मीही घाबरले होते. मी घाबरले की आरडाओरडा करते, तू घाबरलीस की गप्प बसतेस, एवढाच फरक. माझ्या आरड्यानं निदान लोकांना कळतं.

मालकीणबाईंना खरं सांग, की ऑपरेशन पोटाचं नव्हतं. मी त्यांच्याशी फोनवर बोलले तेवढ्यावरून सांगते, त्या तुझी जागा दुसऱ्या कुणाला देणार नाहीत. आणि दिलीच, तर पाळणाघरं पुष्कळ आहेत. धाकटी मला एकच आहे.

तू फोन नको म्हणालीस, म्हणून करत नाही. बघ, तुझं ऐकतेय. आता माझं ऐक. डॉक्टरांनी कोणती तारीख दिली, आणि मावशीचं नि माझं त्यांना सांगितलंस की नाही, एवढं मला लिहून पाठव. बाकी काही नको, तब्येत बरी आहे, काळजी नसावी, असलं तर बिलकुल नको. "उद्या जाते" असं लिहिलंस तर ते मी धरणार नाही. जाऊन आल्यावर लिही.

घाबरून जा, रडत जा, नवऱ्याचा हात धरून जा, पण जा. पुढच्या शनिवारच्या टपालात तुझं पत्र माझ्या हातात पाहिजे. शनिवारी नाही आलं, तर रविवारी पहिल्या बसनं मी येते, आणि सोमवारी तुला घेऊन त्या दवाखान्यात मीच जाऊन बसते. माझं रक्त तिथंही घेता येईल.

शनिवार. उत्तर दे.

ताई